वाडा जळाला, बाग उरली : नागपूरच्या भोसलेकालीन बागांविषयी

‘महाराजबागेतले महाराज कोण?’ हा प्रश्न मी तिसरीत असताना शाळेच्या सहलीत विचारला होता. बाईंनी पिंजऱ्यातल्या वाघाकडे बोट दाखवून ‘हेच ते महाराज’ असे सांगितले आणि सगळा वर्ग हसला. उत्तर झकास होते. पण नागपुरातल्या बहुतेकांना त्यापलीकडचे उत्तर कधी मिळतच नाही, हे इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास सुरू केल्यावर लक्षात आले. आजचा धागा त्या जुन्या प्रश्नासाठी. थोडा लांबणार आहे; सवडीने वाचावा.

महाराज म्हणजे नागपूरकर भोसले. मात्र शहर त्यांच्याही आधीचे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, शहराला तट घातला आणि तटालगत जुम्मा तलाव बांधला. जुम्मा म्हणजे शुक्रवार. लोकांनी पुढे नावाचा सरळ मराठी अनुवाद केला आणि तो शुक्रवारी तलाव झाला. आज पाटीवर गांधीसागर आहे. एकाच पाण्याची तीन नावे, तिन्ही वेगवेगळ्या राजवटींची. नागपूरचा इतिहास असा पाण्याच्या आणि बागांच्या नावांत साठलेला आहे, दगडात त्या मानाने कमी.

१७४३ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपूरची सत्ता हाती घेतली आणि १८५४ पर्यंत ती त्यांच्या घराण्याकडे राहिली. या एकशे अकरा वर्षांत शहराच्या आत आणि भोवती बागांचे एक जाळे उभे राहिले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गॅझेटियरे नागपूरचे वर्णन करताना तलावांपाठोपाठ बागांची यादी देतात : सीताबर्डीतली महाराजबाग, शहरातली तुळशीबाग, आणि उपनगरांत सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही यादी प्रथम वाचली तेव्हा मी शहराचा नकाशा काढून त्या जागांवर पेन्सिलने खुणा केल्या. पश्चिमेला तेलंगखेडी, नैर्ऋत्येला सोनेगाव, आग्नेयेला सक्करदरा, मध्यभागी तुळशीबाग आणि पश्चिमेकडच्या वाटेवर महाराजबाग. राजधानीभोवती हिरव्या ठाण्यांचे कडे असावे तशी ती रचना दिसते.

या बागा कशा होत्या हे समजण्यासाठी डोळ्यांपुढचे ताजमहालाचे चित्र बाजूला ठेवावे लागते. चार समान भाग, मधोमध संगमरवरी कालवा, टोकाला कबर, हा मोगल चारबाग महाराष्ट्रात पाहायचा तर औरंगाबादेत बीबी का मकबऱ्यात पाहावा. मराठी सरदारांची बाग बहुधा वेगळ्या प्रकृतीची. तिच्यात विहीर, मोट आणि पाट आधी, शोभा नंतर. देवघरासाठी फुले, मुदपाकखान्यासाठी भाजी आणि फळे, उन्हाळ्यात दुपार काढायला सावली, आलेल्या वकिलाला उतरवायला जागा, जवळ एखादे देऊळ. पुण्याची हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग ही त्याच कुळातली. (पुण्याच्या तुळशीबागेत आज तुळस शोधणाऱ्याला हेअरपिना मिळतील, पण ‘बाग’ हा शब्द तिथून हललेला नाही.) उपयोग आणि विरंगुळा यांत भिंत नसणे हे या बागांचे वैशिष्ट्य होते. पुढे त्यांच्याकडे ‘केवळ मळा’ म्हणून दुर्लक्ष होण्याचे कारणही बहुधा हेच असावे.

नागपुरात ही गोष्ट तेलंगखेडीत सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे तलाव आहे, जवळच कल्याणेश्वराचे शिवमंदिर आहे आणि बाग आहे. तलाव भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवला. आपण त्याला फुटाळा म्हणतो. देवाला पाणी आणि फुले लागतात, झाडांना पाणी लागते, उन्हाळ्यात माणसांना पाण्याकाठी जावेसे वाटते. तिन्ही एकमेकांवर अवलंबून, म्हणून तिन्ही एकत्र. यातले एक वेगळे काढून पाहिले तर तेलंगखेडी समजत नाही.

महाराजबागेचे पाणी मात्र नाग नदीचे. नदी शहराच्या पश्चिमेकडून येते, अंबाझरी तलावात थांबते आणि तिथून निघून महाराजबागेच्या कडेने सीताबर्डी ओलांडून जुन्या शहरात शिरते. अंबाझरीही भोसल्यांच्याच काळातली. नावातच आंबा आणि झरी आहे. इंग्रजांनी १८७० च्या दशकात तिचा बांध वाढवून नागपूरला नळाचे पाणी दिले, त्यामुळे पुष्कळांना ती इंग्रजांचीच निर्मिती वाटते. थोडक्यात, वर तलाव, खाली नदीकाठी बाग, आणि पुढे शहर, असा हा क्रम आहे. तो लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता १८५४ कडे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा प्रश्न बाजूला सारून डलहौसीने राज्य खालसा केले. बांकाबाई आणि इतर राण्यांच्या विरोधाला कोणी जुमानले नाही. त्यानंतर काय घडले हे इंग्रज इतिहासकार के यानेच संकोचाने लिहून ठेवले आहे : भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल भावाने विकले गेले, आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६४ मध्ये महालातला भोसल्यांचा मोठा वाडा आगीत भस्मसात झाला. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने सजलेला वाडा तो. त्यातला नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला.

हत्ती विकले गेले, जवाहीर गेले, वाडा जळाला. बागा उरल्या. त्यांना आग लागली नाही आणि त्या कलकत्त्याला नेता येत नव्हत्या. भोसल्यांच्या राजधानीचा जमिनीवरचा आराखडा आज कुठे वाचता येत असेल तर तो या बागांत आणि तलावांत. अभ्यासक म्हणून माझा सगळा मुद्दा एवढाच आहे : नागपूरपुरते बोलायचे तर बाग हे इमारतीइतकेच, किंबहुना इमारतीपेक्षा मोठे, ऐतिहासिक साधन आहे, आणि आपण तिला तसे वागवत नाही.

राजाची बाग सरकारी झाल्यावर तिचे काय करायचे? इंग्रजांनी महाराजबागेला कामाला लावले. १८८८ मध्ये नागपुरात कृषिशाळा निघाली, १८९४ मध्ये महाराजबागेत प्राणिसंग्रहालय सुरू झाले, १९०६ मध्ये शाळेचे कृषी महाविद्यालय झाले. राजाच्या उपवनाशेजारी विद्यार्थी वाफे मोजू लागले आणि रविवारी शहरातली कुटुंबे अस्वल बघायला येऊ लागली. पूर्वी राजाच्या परवानगीवाचून जिथे पाऊल टाकता येत नव्हते, तिथे कोणाही नागपूरकराचा बालपणीचा एक रविवार जमा होऊ लागला. ज्या राजवटीने ही बाग हिसकावली तिनेच ती लोकांना उघडी केली, हे कटू वाटले तरी नोंदवायला हवे.

पुढे राज्ये बदलत गेली. मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नागपूरचे कृषी महाविद्यालय त्याच्याकडे गेले आणि महाविद्यालयाबरोबर महाराजबागही. म्हणजे नागपूरच्या राजाच्या बागेचा मालक आज अडीचशे किलोमीटर दूर आहे, आणि त्याचे मुख्य काम कापूस, ज्वारी, सोयाबीन आहे. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. शेतीच्या विद्यापीठाने ऐतिहासिक बाग सांभाळावी ही अपेक्षाच मुळात कोणी लिहून ठेवलेली नाही.

इथे संत्र्याविषयी लिहिलेच पाहिजे, नाहीतर नागपूरकर धागा अर्धवट म्हणतील. नागपुरी संत्रे कोठून आले? सर्वांत प्रचलित हकीकत अशी की, रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून कलमे आणून आपल्या बागेत लावली. पण कोणते रघूजी? घराण्यात या नावाचे अनेक. काही ठिकाणी ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या कारकिर्दीत घडल्याचे सांगतात. काही ठिकाणी १८९६ साल दिलेले असते. म्हणजे राज्य जाऊन चार दशके झाल्यावर, जेव्हा रघूजीराव भोसले केवळ एक जमीनदार राजे होते. शंभर वर्षांचा फरक! एक शक्यता अशी की, दोन्ही घटना खऱ्या असाव्यात, आधीचे रोप हौसेचे आणि नंतरचे कलम व्यापाराचे; पण हा माझा तर्क, पुरावा नव्हे. दोन्ही हकीकतींत समान गोष्टी तीन : भोसले, औरंगाबाद, आणि खासगी बाग.

या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे. विदर्भातल्या हजारो शेतकऱ्यांचे वर्षाचे गणित मृग आणि आंबिया बहारावर उभे आहे. फळाचे नाव कायद्याने राखले गेले आणि ज्या प्रकारच्या बागेतून ते निघाले तिची एक धड नोंद नाही, हे मला अजूनही पचत नाही.

बाग ही ‘वास्तू’ असते का, हा प्रश्न जगाने फार उशिरा विचारला. १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तिच्यात ऐतिहासिक बागेला जिवंत स्मारक म्हटले आहे. दगड जसा आहे तसा राखता येतो. झाड वाढते, मरते, पुन्हा लावावे लागते. म्हणून बाग राखायची तर तिची आखणी, झाडांची योजना, उंचसखलपणा, पाणी, आणि आजूबाजूची दृश्ये हे सगळे मिळून राखायचे, अशी त्यामागची भूमिका. या विचाराला पूर्ण कायद्याचे रूप ब्रिटनमधील वेल्सने दिले. तिथे ऐतिहासिक उद्याने आणि बागांची नोंदवही १९९० च्या दशकापासून होती. १ फेब्रुवारी २०२२ पासून ती कायद्याने बंधनकारक झाली. चारशेच्या आसपास बागा, तीन श्रेणी, जिल्हावार याद्या. नोंद झाली म्हणून मालकाला वेगळा परवाना काढावा लागत नाही. पण बांधकामाची परवानगी देताना बागेवर काय परिणाम होईल हे स्थानिक अधिकाऱ्यांना पाहावेच लागते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती नकाशाची. प्रत्येक बागेची हद्द, तिच्यातून दिसणारी महत्त्वाची दृश्ये, आणि चक्क भाजीपाल्याचा मळासुद्धा नकाशावर दाखवलेला असतो.

नकाशाने काय साधते याचे उदाहरण त्याच देशातल्या रेक्सम जिल्ह्यात आहे. अर्डिग नावाच्या जुन्या हवेलीखालून कोळशाची खाण गेली होती. जमीन खचली, घर तडकले, बागेचे रान झाले. १९७३ मध्ये नॅशनल ट्रस्टने ती ताब्यात घेतली, तेव्हा बाग पूर्वी कशी होती हे कळले एका चित्रावरून. बॅडस्लेड नावाच्या माणसाने १७४० च्या सुमारास पक्ष्याच्या नजरेने दिसावी तशी ती बाग रेखाटली होती : कुठे कालवा, कुठे झाडांची रांग, कुठे भिंत. सव्वादोनशे वर्षांनी त्या चित्राच्या आधारे बाग पुन्हा आखली गेली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. नागपूरची वारसा यादी २००३ मध्ये शासनाने मंजूर केली. दीडशेच्या आसपास नोंदी, त्यांत इमारती, देवळे, दरवाजे, आणि काही तलाव व मैदानेही. महापालिकेची वारसा संवर्धन समिती आहे. कस्तुरचंद पार्क हे पहिल्या श्रेणीचे वारसास्थळ. ते वाचले, त्याचे श्रेय या यादीला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घेतलेल्या दखलीला द्यावे लागते. २०१८ च्या अखेरीस तिथे खोदकाम चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या होत्या. सीताबर्डीची १८१७ ची लढाई झाली ती टेकडी लागूनच आहे. मोकळे मैदान ‘रिकामे’ नसते, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच दिसले असेल.

पण कायद्याच्या नजरेत बाग अडकते कुठे, ते फुटाळ्याने दाखवले. त्या तलावात कारंजे आणि काठावर प्रेक्षकगॅलरी उभारण्यावरून वाद झाला. तलाव ही पाणथळ जागा असल्याने बांधकाम नको, अशी तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केले की, तलाव मानवनिर्मित असल्याने पाणथळ जागांच्या नियमांत तो बसत नाही. कायद्याच्या भाषेत निर्णय समजण्यासारखा आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र तो वाचताना गंमत वाटते आणि थोडी काळजीही. निसर्ग म्हणून संरक्षण मागितले तर उत्तर येते की, हे माणसाने केलेले आहे. माणसाने केले म्हणून, म्हणजे वास्तू म्हणून, मागायला जावे तर तिथे दगड-विटा मोजणारे लोक बसलेले. झाडांचेही तसेच. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला, चांगलेच झाले. पण तो कायदा झाडे एकेक मोजतो. दुतर्फा लावलेल्या रांगेतले सातवे झाड पडले आणि तिथे पुन्हा तेच झाड लावले नाही, तर मोजणीत एक कमी होते. इतिहासात रांगच संपते.

महाराजबागेपुढचा प्रश्न याहून जवळचा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने तिथल्या प्राणिसंग्रहालयाची मान्यता रद्द केली. पुढे दाद मागितल्यावर ते चालू राहिले. दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये गोरेवाड्याचे मोठे प्राणिउद्यान खुले झाले. प्राण्यांच्या दृष्टीने पाहिले तर गोरेवाडा केव्हाही बरा. दाटीच्या शहरात, वाहनांच्या आवाजात बिबट्याला ठेवण्याचे समर्थन मी करणार नाही. पण समजा, उद्या सगळे पिंजरे रिकामे झाले. मग सीताबर्डीला खेटून असलेली, नदीकाठची, शहराच्या ऐन मध्यावरची ती जमीन सरकारी कागदावर काय म्हणून उरेल? आज ती ‘प्राणिसंग्रहालय’ आणि ‘महाविद्यालयाची जागा’ म्हणून उरली आहे. ‘भोसल्यांची बाग’ अशी तिची ओळख कागदोपत्री पक्की नसेल, तर वाघ गेल्यावर महाराजही जातील.

आणि पाण्याचा तो क्रम आठवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिली आणि नाग नदी दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत शिरली. लोकांच्या घरांत छातीभर पाणी होते. त्या रात्रीची कारणे तज्ज्ञांनी सांगावीत. मला एवढेच दिसते की, ज्यांनी तलावाखाली नदीकाठी घरे न बांधता बाग लावली, त्यांना नदी पसरते हे माहीत होते. पाणी चढले तर वाफे बुडतात. गाळ बसतो, आणि पुढच्या हंगामात पीक बरे येते.

म्हणून मागणी साधी आहे, कारंज्याची नाही. महाराजबाग, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव, आणि तुळशीबागेचे जे उरले असेल ते, यांतल्या प्रत्येक जागेची जुनी हद्द, विहिरी, पाट, झाडांच्या रांगा, देवळे यांचा एकेक नकाशा व्हावा. जुन्या भूमापनाचे नकाशे, नगर भूमापनाचे कागद, भोसले घराण्यातले दप्तर, यांवरून बरेच काम होण्यासारखे आहे, आणि इतिहास व वास्तुकला विभागांच्या विद्यार्थ्यांना चार प्रबंध पुरतील.

माझ्यापुरती सुरुवात महाराजबागेपासून केली आहे. आपल्याकडे १९७० च्या आधीचे तिथले एखादे कौटुंबिक छायाचित्र असेल, आजी-आजोबांचे, मुंजीनंतरचे, शाळेच्या सहलीचे, तर कृपया खाली जोडावे. माणसांचे चेहरे झाकले तरी चालतील. मला त्यांच्यामागची भिंत, झाड आणि वाट पाहायची आहे. साल आठवत असल्यास सोबत लिहावे.